दोन चिठ्ठ्या : शालेय विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील संशोधन-प्रकल्प कसा सुरू करावा

प्रकल्पाचा विषय मिळाला की विद्यार्थी ग्रंथालयात येतात आणि विचारतात, "मॅडम, महापुरावर पुस्तक आहे का?" कोल्हापुरातील एका शाळेचे ग्रंथालय मी सांभाळते आणि हा प्रश्न दर वर्षी अनेकदा ऐकते. अशा वेळी मी कपाटाकडे वळत नाही. विद्यार्थ्याच्या हाती एक कोरी चिठ्ठी देते आणि सांगते, की ज्याचे उत्तर आज तुला ठाऊक नाही, पण जे तुला खरोखर जाणून घ्यायचे आहे, असे एकच वाक्य यावर लिही आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दे. काही मुले पाच-दहा मिनिटांत लिहितात, काही जण चिठ्ठी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी आणतात, आणि या कामात वेळ वाया गेला असे मला आजवर वाटलेले नाही.

"महापूर" हा विषय आहे, आणि विषयावर शंभर पाने वाचली तरी आपल्याला काय शोधायचे होते हे कळत नाही, कारण शोधायचे असे काही ठरलेलेच नसते. प्रश्न ठरला म्हणजे कोणते पुस्तक उघडायचे, त्यातले कोणते प्रकरण वाचायचे आणि कोणते खुशाल सोडून द्यायचे, हे आपोआप ठरत जाते. पुढील मार्गदर्शन आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रकल्प पूर्ण कसा करावा याचा सगळा विचार त्यात नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ग्रंथालयात बसून काय करावे, एवढेच त्यात आहे, कारण मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प याच आठवड्यांत एक तर मार्गाला लागले किंवा भरकटले.

विषयाचा प्रश्न करताना

कोल्हापुरात विषयांना तोटा नाही, आणि हीच पहिली अडचण आहे. शाहू महाराज, कुस्ती, चप्पल, गूळ, चित्रपट, रंकाळा, पंचगंगा यांपैकी कोणताही शब्द उच्चारला, की प्रत्येकाला त्याविषयी थोडेफार ठाऊक असते, आणि त्या थोड्याफार माहितीचीच पुन्हा एकदा नक्कल करून प्रकल्प तयार होतो. यातून बाहेर पडण्याचा माझ्या ओळखीचा उपाय असा, की विषयातील एखादी ठरलेली गोष्ट घ्यावी आणि तिच्याविषयी शंका घ्यावी. उदाहरणार्थ, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे अनेकांना माहीत असते; परंतु त्या मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे चार जिल्हेही आहेत, हे कळल्यावर "नाव कोल्हापूरचे असताना कर्नाटकातील जिल्हे त्यात कसे आले?" असा प्रश्न सहज उभा राहतो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली, एवढे कोणीही सांगतो. ती का गेली, हे विचारले की शोधाला दिशा मिळते.

प्रश्न चांगला असणे आणि तो आपल्या आवाक्यात असणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, की शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तर मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांवर प्रत्यक्षात कितपत कारवाई झाली? हा प्रश्न मला फार आवडला, आणि तरीही मी त्याला तो बाजूला ठेवायला सांगितले. कायदा काय होता, हे पुस्तकात सापडते. त्याची अंमलबजावणी कशी झाली, हे पाहायला संस्थानाचे दफ्तर चाळावे लागते, आणि त्या काळातील अनेक कागद मोडी लिपीत आहेत. ते काम शाळेच्या सहा आठवड्यांत होणारे नाही. आम्ही त्याच कायद्याविषयीचा लहान प्रश्न घेतला आणि मोठा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. सोडून दिलेले प्रश्न असे लिहून ठेवावेत. पुढे महाविद्यालयात गेल्यावर त्यांची आठवण होते.

येथून पुढे मी पुराचेच उदाहरण घेणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरांत पुराची एक तरी आठवण आहे. "कोल्हापूरचा महापूर" या विषयावर बराच विचार करून चिठ्ठीवर असे वाक्य येऊ शकते: "२००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत कोल्हापूर शहरातील कोणत्या वस्त्यांत पाणी शिरल्याचे स्थानिक दैनिकांनी छापले, आणि त्या वस्त्या तिन्ही वेळी त्याच होत्या का?" या वाक्यात स्थळ ठरलेले आहे, काळ ठरलेला आहे आणि कोणती साधने पाहायची तेही ठरलेले आहे. शिवाय त्याचे उत्तर एका ओळीत मिळत नाही आणि कोणत्याही एका पुस्तकात तयार सापडत नाही. विद्यार्थ्याने स्वतः जुळवाजुळव केल्याखेरीज ते हाती येणार नाही, आणि याचसाठी तो संशोधनाचा प्रश्न आहे.

शब्दांची यादी

ग्रंथालयात जाण्यापूर्वीचे आणखी एक काम म्हणजे शब्द जमवणे. "पूर" हा एकच शब्द घेऊन तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीत, शोधले तर हाती फारसे लागत नाही, कारण ग्रंथकारांनी, अभियंत्यांनी आणि वार्ताहरांनी त्याच गोष्टीला वेगवेगळी नावे दिलेली असतात. महापूर, अतिवृष्टी, पूररेषा, विसर्ग, पाणी पातळी, आपत्ती व्यवस्थापन, स्थलांतर, पंचगंगा, राजाराम बंधारा, जयंती नाला असे शब्द एका पानावर लिहून काढावेत आणि वाचन जसे पुढे जाईल तशी त्यात भर घालावी. यादी करतानाच अर्थही पाहून ठेवावेत. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. निळी पूररेषा ही साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. एवढे आधी माहीत असेल तर बातमीतील आकडा वाचताना तो मोठा की लहान हे समजते.

शब्दांचे अर्थ आणि विषयाची ढोबळ कल्पना यांसाठी पहिला अर्धा तास कोशांजवळ घालवावा, असा माझा आग्रह असतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचे काम सुरू झाले तो मराठी विश्वकोश बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत असतो आणि आता तो संगणकावरही विनामूल्य वाचता येतो. कोशातील नोंद वाचून तिच्यातील मजकूर प्रकल्पात उतरवून घेणे हा तिचा उपयोग नाही. नोंदीतून नवे शब्द मिळतात, व्यक्तींची व ठिकाणांची नावे मिळतात आणि पुढे काय वाचावे याचा अंदाज येतो, आणि तेवढ्यासाठीच ती वाचायची.

कोणत्या ग्रंथालयात जावे

सुरुवात आपल्या शाळेच्या ग्रंथालयापासूनच करावी, मग ते एका खोलीचे का असेना. तेथे निदान कोश, नकाशे आणि आपले ऐकून घेणारी व्यक्ती मिळते. त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालय गाठावे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून चालू आहे, आणि अशा जुन्या संस्थेचा मोठा लाभ म्हणजे अन्यत्र न मिळणारी जुनी पुस्तके व नियतकालिके तेथे पाहायला मिळण्याची शक्यता अधिक असते. गावोगावीही अनुदानप्राप्त सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने आधी ते वाचनालय पालथे घातल्याशिवाय शहराची वाट धरू नये. या शहराने ग्रंथालयांची कदर फार पूर्वी केली आहे; भारतातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला, मद्रासचा कायदा त्यानंतर १९४८ साली आला आणि महाराष्ट्राचा १९६७ साली. आपण ज्या वाचन कक्षात बसतो त्याला असा इतिहास आहे, हे विद्यार्थ्यांना कळावे असे मला मनापासून वाटते.

शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय मुख्यतः विद्यापीठातील विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक यांच्यासाठी आहे. शाळकरी विद्यार्थ्याने तेथे थेट जाऊन उभे राहू नये. शाळेमार्फत आधी विचारणा करावी. कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात जाताना मुख्याध्यापकांच्या सहीचे आणि शाळेच्या शिक्क्याचे पत्र जवळ असावे. त्या पत्रात विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, प्रकल्पाचा प्रश्न, पाहावयाच्या साहित्याचे स्वरूप आणि किती दिवस येणार आहे याचा उल्लेख असावा. "सहकार्य करावे ही विनंती" एवढेच मोघम पत्र असेल तर समोरच्या माणसाला मदत कशी करावी हे समजत नाही.

ग्रंथपालाशी बोलतानाही हेच लागू आहे. "मला पुराची माहिती हवी आहे" असे म्हटले तर कोणीही एखादे सर्वसाधारण पुस्तक काढून देईल. त्याऐवजी "सर, जुलै व ऑगस्ट २००५ मधील स्थानिक दैनिकांच्या बांधीव फायली आपल्याकडे आहेत का, आणि त्या पाहायला कोणत्या वेळी येऊ?" असे विचारले तर उत्तर लगेच मिळते, आणि ते नकारार्थी असले तर त्या कोठे मिळतील हेही बहुधा सांगितले जाते. लाजू नये. नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी आमच्या व्यवसायातील माणसांना किती हवाहवासा वाटतो, हे मी स्वतःवरून सांगते.

विषय एक, कपाटे चार

आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत पुस्तके मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणानुसार लावलेली असतात. पुस्तकाच्या पाठीवर खाली जी लहानशी चिठ्ठी असते तिच्यावरचा वर्गांक म्हणजे त्या पुस्तकाचा पत्ता. तालिकेत पुस्तक सापडले की वर्गांक उतरवून घ्यावा, आणि ग्रंथालय मुक्तद्वार असेल, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाता येत असेल, तर त्या जागी जाऊन त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूची चार-चार पुस्तकेही पाहावीत, कारण शेजारी तोच विषय असतो. ग्रंथालय मुक्तद्वार नसेल तर मागणीचिठ्ठीवर वर्गांक, ग्रंथनाम व ग्रंथकार स्पष्ट अक्षरात लिहून द्यावे लागते. दाखल क्रमांक आणि वर्गांक यांत अनेकांचा घोटाळा होतो: दाखल क्रमांक हा त्या एका प्रतीचा ग्रंथालयाच्या नोंदवहीतील क्रमांक असतो, तर वर्गांक त्या विषयाचा असतो.

येथे विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. आपला विषय एक असला तरी तो एकाच कपाटात नसतो. पूर ही निसर्गातील घटना म्हणून ५५१ या अंकाखाली सापडेल. आपत्ती आणि मदतकार्य म्हणून ३६३ खाली. धरणे, बंधारे आणि नदीचे अभियांत्रिकी काम म्हणून ६२७ खाली. आणि कोल्हापूर जिल्ह्याचा इतिहास म्हणून ९५४ खाली. ही चार कपाटे एकमेकांपासून कितीतरी दूर असतात, आणि त्यांपैकी एकाच कपाटापुढे उभा राहिलेला विद्यार्थी "या ग्रंथालयात काहीच नाही" असे म्हणून परत जातो. म्हणून शब्दांच्या यादीशेजारी वर्गांकांचीही एक छोटी यादी असावी.

पुस्तक हाती आल्यावर ते पहिल्या पानापासून वाचू लागू नये. शीर्षकपान आणि त्याच्या पाठीमागचे पान पाहावे, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष कळते. जुन्या मराठी पुस्तकांवर वर्ष शके म्हणून छापलेले असते. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. नंतर अनुक्रमणिका पाहावी, आणि शेवटी सूची असेल तर तीत आपल्या यादीतील शब्द शोधावेत. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि पुस्तक आपल्या कामाचे आहे की नाही हे तेवढ्यात ठरते. पहिल्या दिवशी एकही पुस्तक घरी नेऊ नये, असे माझे सांगणे असते. पहिल्या दिवशी फक्त पाहावे, आणि काय कोठे आहे ते लिहून घ्यावे.

जिल्ह्याविषयीच्या कोणत्याही प्रश्नासाठी गॅझेटियर, म्हणजे सरकारने तयार केलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, अवश्य पाहावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरविषयीचा चोविसावा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला. नद्या, शेती, व्यापार, लोकवस्ती अशा अनेक बाबी त्यात आहेत. तो इंग्रजीत आहे, तेव्हा शिक्षकांची मदत घ्यावी. परंतु तो इंग्रज सरकारने राज्यकारभाराच्या सोयीसाठी तयार करवून घेतलेला ग्रंथ आहे, हे वाचताना मनात असू द्यावे, विशेषतः येथील जाती-जमातींविषयी त्यात जी विधाने येतात ती वाचताना. ग्रंथ कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिला, हे तीन प्रश्न प्रत्येक साधनाला विचारायचे असतात.

जुन्या वृत्तपत्रांची फाइल

आपल्या उदाहरणातील खरे काम वृत्तपत्रांच्या फायलींत आहे. महिन्याचे अंक एकत्र बांधलेली ही जाड फाइल टेबलावर आली की आधी हात कोरडे व स्वच्छ आहेत ना ते पाहावे. पान उलटताना ते वरच्या कोपऱ्याला धरून, दुसऱ्या हाताने खालून आधार देत सावकाश उलटावे. बोटाला थुंकी लावू नये, फाइलीवर कोपर टेकू नये, पानावर वही ठेवून लिहू नये. जवळ शिसपेन्सिल असावी. पेन दप्तरातच राहू द्यावे. वृत्तपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, आणि घडीच्या जागी गेलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. आपल्यानंतर कोणीतरी हीच फाइल मागणार आहे.

मोबाइलने छायाचित्र घ्यायचे असेल तर परवानगी विचारावी, आणि परवानगी मिळाली तर बातमीच्या आधी त्या पानाच्या माथ्याचे, म्हणजे वृत्तपत्राचे नाव, दिनांक आणि पृष्ठक्रमांक दिसेल असे, छायाचित्र घ्यावे. घरी आल्यावर चाळीस बातम्यांची छायाचित्रे आहेत आणि त्यांतील एकही कोणत्या दिवसाची आहे हे कळत नाही, अशी वेळ आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

बातमी वाचताना दोन-तीन गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते. सात तारखेला पाणी शिरले तर ते आठ तारखेच्या अंकात येते, म्हणून घटनेचा दिवस आणि अंकाचा दिवस वेगवेगळ्या रकान्यांत लिहावा. एका अंकात "शाहूपुरीत पाणी" असे असते आणि दुसऱ्यात "कुंभार गल्लीत पाणी". आता शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे, त्यामुळे या दोन वस्त्या मोजायच्या की एकच, हे नकाशा पाहून ठरवावे लागते आणि जे ठरवले ते वहीत लिहून ठेवावे लागते. पाणी पातळीचा आकडा आला तर तो फुटांत आहे की समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये आहे, हे पाहिल्याशिवाय तो उतरवू नये. एखाद्या दिवसाचा अंक फाइलीत नसेल तर त्या रकान्यात "अंक उपलब्ध नाही" असे लिहावे. रकाना कोरा सोडला तर महिन्याभराने त्याचा अर्थ "पाणी आले नाही" असा लावला जाण्याचा धोका असतो.

यासाठी वहीत एक आडवा तक्ता आखून घ्यावा, ज्यात अंकाचा दिनांक, पृष्ठ, घटनेचा दिवस, वस्तीचे नाव, बातमीतील नेमके शब्द आणि पातळीचा आकडा यांना जागा असेल. तिन्ही वर्षांसाठी आखणी एकच असावी, कारण पुढे तुलना करायची आहे. २००५ आणि २०२१ चे पूर जुलैच्या अखेरच्या आठवड्यातील, तर २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातील. तेव्हा प्रत्येक पुराच्या आधीच्या व नंतरच्या एका आठवड्यासह फाइल पाहिली तर एका पुराला साधारण दोन बैठका पुरतात.

टिपणे

मी नववीत असताना कोल्हापूरच्या तालमींवर एक निबंध लिहिला होता. ग्रंथालयात बसून मी अकरा पाने माहिती उतरवून घेतली आणि ती कोणत्या पुस्तकांतून घेतली हे मात्र लिहिले नाही, कारण पुस्तके डोळ्यांपुढे होती आणि ती लक्षात राहतील असे वाटले. दोन आठवड्यांनी गुरुजींनी एका वाक्यावर बोट ठेवून विचारले, की हे कोठे आहे? मला सांगता येईना. ती पुस्तके पुन्हा शोधण्यात दोन शनिवारच्या दुपारी गेल्या, आणि तरीही तीन वाक्यांचे मूळ सापडले नाही. ती तिन्ही वाक्ये खोडावी लागली. त्यांतले एक त्या निबंधातील सर्वांत चांगले वाक्य होते. आज मी विद्यार्थ्यांना टिपणाच्या पद्धतीबद्दल इतके सांगते त्याचे कारण हे आहे.

टिपणासाठी पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे घ्यावेत. लिहिण्याआधी वरच्या डाव्या कोपऱ्यात ग्रंथकाराचे आडनाव, ग्रंथनामाचा ओळखीपुरता भाग आणि पृष्ठक्रमांक लिहावा. उजव्या कोपऱ्यात हे टिपण प्रश्नाच्या कोणत्या भागाचे आहे ते एका शब्दात लिहावे. एका तुकड्यावर एकच मुद्दा. ग्रंथाचे संपूर्ण नाव, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, ग्रंथालयाचे नाव आणि वर्गांक यांची नोंद प्रत्येक पुस्तकासाठी एकदाच, वेगळ्या तुकड्यावर. ग्रंथातील शब्द जसेच्या तसे घेतले तर त्यांना अवतरणचिन्हे द्यावीत आणि ती तेथल्या तेथे द्यावीत, कारण नंतर आपले वाक्य कोणते आणि ग्रंथकाराचे कोणते हे आपल्यालाही ओळखता येत नाही. बाकीचे सारे परिच्छेद वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत लिहावे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले की शब्द त्याचेच येतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

साधने एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

दोन पुस्तकांत दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या की विद्यार्थी घाबरतात आणि त्यांतली एक गुपचूप सोडून देतात. तसे करू नये. शाहू महाराजांच्या जन्मतारखेचेच पाहा: जुन्या काही पुस्तकांत ती २६ जुलै १८७४ अशी सापडते, तर आज २६ जून १८७४ ही तारीख मान्य आहे आणि हाच दिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. त्यातच नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध आदेश २६ जुलै १९०२ चा आहे, त्यामुळे नवख्याचा गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी दोन्ही तारखा कोणत्या पुस्तकात, कोणत्या वर्षीच्या आवृत्तीत आहेत हे टिपून ठेवावे, नंतरच्या ग्रंथकाराने बदलाचे कारण दिले आहे का ते पाहावे, आणि प्रकल्पात एक तारीख स्वीकारताना दुसरीचाही उल्लेख करावा. पुराच्या बाबतीत एका दैनिकातील पातळी दुसऱ्याहून काही इंचांनी वेगळी असेल तर आधी दोघांनी आकडा किती वाजताचा घेतला आहे ते पाहावे; नदी चढत असताना दुपारचा आणि रात्रीचा आकडा सारखा असण्याचे कारण नाही.

वृत्तपत्रातील चित्र शासकीय अहवालाशी ताडून पाहणे हा पुढचा टप्पा. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०२० साली सादर झाला. असे अहवाल जाडजूड आणि तांत्रिक असतात. विद्यार्थ्याने त्यातील आपल्या प्रश्नापुरता भाग शिक्षकांबरोबर बसून वाचला तरी पुरे.

महाजालाविषयी थोडक्यात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र शासनाने महाजालावर ठेवलेली गॅझेटियरे ही भरवशाची ठिकाणे आहेत. विकिपीडियावरील लेख वाचायला हरकत नाही, पण त्याच्या तळाशी दिलेली पुस्तकांची नावे घेऊन कपाटाकडे यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला प्रश्न विचारला तर ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेसुद्धा मोठ्या खात्रीने देऊ शकते. त्याने दिलेले प्रत्येक नाव तालिकेत तपासावे, आणि पुस्तक प्रत्यक्ष हातात घेतल्याखेरीज त्याचा उल्लेख प्रकल्पात करू नये.

दुसरी चिठ्ठी

दोन-तीन बैठका झाल्या, पंचवीस-तीस टिपणे जमली, की नवीन वाचन दोन दिवस थांबवावे. टिपणांचे तुकडे टेबलावर पसरून उजव्या कोपऱ्यातील शब्दांप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावावेत. एक गठ्ठा जाड होतो आणि एखाद्यात दोनच तुकडे असतात; कोठे आणखी वाचायला हवे हे तेथेच दिसते. यानंतर पहिली चिठ्ठी समोर ठेवून मी विद्यार्थ्याला दुसरी कोरी चिठ्ठी देते आणि प्रश्न पुन्हा लिहायला सांगते. तो शब्दशः तसाच आला तरी चालतो, परंतु बहुतेक वेळा तो बदललेला असतो, आणि हा बदल म्हणजे वाचन खरोखर झाल्याची मला पटणारी खूण आहे. मार्गदर्शक शिक्षकांना याच वेळी भेटावे, दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात आणि पुढचे वेळापत्रक त्यांच्या सल्ल्याने ठरवावे.

तिन्ही पुरांचा तक्ता करणाऱ्या नववीतील एका मुलीची पहिली चिठ्ठी मी वर दिली तशीच होती. दोन आठवडे फायली पाहिल्यावर तिने दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिले: "ज्या वस्तीत पाणी शिरल्याची बातमी छापली जात नाही, तेथे पाणी शिरले नव्हते असे म्हणता येईल का?" ती स्वतः नदीकाठच्या एका लहान वस्तीत राहते, आणि तिच्या घरात आलेले पाणी तिला एकाही अंकात सापडले नव्हते. आम्ही दोघींनी मिळून त्या प्रश्नाला लागणारी साधने कागदावर मांडली: वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती, त्यासाठी आधी घ्यायची त्यांची संमती, घराच्या भिंतीवरील पाण्याच्या खुणांची मोजणी, आणि बातम्यांत वस्त्यांची नावे कोणत्या क्रमाने येतात याची नोंद. दोन्ही चिठ्ठ्या तिने वहीच्या पहिल्या पानावर एकीखाली एक चिकटवल्या, खाली तारीख घातली आणि २०१९ ची फाइल पुन्हा एकदा मागितली.